माझ्या तोंडावरचे तुझे डाग

प्रिय धाकटे,

तुझ्याशी फोनवर भांडायचं नाही असं ठरवून लिहायला बसले आहे. फोनवर तू जिंकतेस. तो तुझा धंदाच आहे. मी तावातावाने बोलायला लागले की तू आधी ‘बरोबर आहे तुझं, ताई’ म्हणतेस, मग चार वाक्यं गोड बोलतेस आणि फोन ठेवताना मीच तुला जेवलीस का म्हणून विचारलेलं असतं. गुरुवारी अगदी तसंच झालं. फोन ठेवला, हात पुसले, आणि मग लक्षात आलं की चौकातला तो भलामोठा फलक कधी उतरवणार हे तू सांगितलंच नाहीस. म्हणून आता कागदावर. इथे तुला मध्येच बोलता येणार नाही. माझी ठमी आठ दिवस झाले घराबाहेर पडलेली नाही. ते का, हे सांगणारच आहे, पण मला ओळीने सांगू दे, नाहीतर नुसत्या शिव्या लिहून होतील आणि कागद संपेल.

फलक लागला त्या दिवशी मी दुकानात होते. माझं काम तुला माहीत आहे. चष्म्याची काच बसवली, की फ्रेम गिऱ्हाइकाच्या तोंडावर चढवायची, कानामागे बोटं नेऊन काड्या वाकवायच्या, नाकावरची पकड सैल-घट्ट करायची. एकवीस वर्षं मी लोकांच्या तोंडापाशी माझी ही पांढरी बोटं नेते आहे. कोण मान मागे घेतं आणि कोण घेत नाही, हे मला माणूस खुर्चीत बसतानाच कळतं. एक निवृत्त मास्तर आहेत, ते कधीच घेत नाहीत. त्या दिवशी ते नवी काच लावून बाहेर बघत बसले होते. मग माझ्याकडे वळून फार मायेने म्हणाले, बाई, हे सगळं रोज झाकायला तुम्हाला वेळ तरी किती लागत असेल! मला काही कळेना. त्यांनी बाहेर बोट दाखवलं. मी हातात तो बारका पेचकस तसाच घेऊन रस्त्यावर गेले.

तीन वेळा सिग्नल हिरवा झाला, तरी मी तिथेच उभी. नाक माझं, हसू माझं, राखाडी स्वेटर माझा. आणि दोन्ही डोळ्यांभोवती पांढरी कडी, ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांना पांढरे डाग, कपाळावर एक मोठा. दोन्ही बाजूंना अगदी सारखे, मोजून काढल्यासारखे. आणि खाली त्या क्रीमच्या डबीशेजारी तुझी ओळ: ‘मी जशी आहे तशी.’

धाकटे, माझ्या तोंडावर कोडाचा एकही डाग नाही. हे लोकांना ठाऊक नसेल, पण तू माझ्याबरोबर चौदा वर्षं एका पलंगावर झोपली आहेस. दोन्ही हातांची बोटं, मनगटांपर्यंत. गळ्याखाली एक, वालाच्या दाण्याएवढा. झालं, एवढंच. अकराव्या वर्षी आले आणि विसाव्या वर्षानंतर जागचे हलले नाहीत. आई मला कुठल्या कुठल्या डॉक्टरांकडे घेऊन जायची तेव्हा माझ्या मलमाची डबी तू धरून बसायचीस. आणि आज तू मला सांगतेस, की रस्त्यावरून हात दिसत नाहीत, लांबून कळायला हवं, क्लायंटच्या मीटिंगमध्ये सगळ्यांचं तेच म्हणणं पडलं. वर म्हणतेस, अगं ते तुझंच तर आहे, फक्त थोडं पुढे आणलंय! हे वाक्य ऐकल्यापासून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली आहे ती अजून उतरलेली नाही. पुढे आणलंय म्हणजे काय? ती काय खुर्ची आहे, इकडची उचलून तिकडे ठेवायला?

शुक्रवारी मी तुझ्या ऑफिसात येऊन गेले, हे तुला तुझ्या माणसांनी सांगितलं असेलच. नसेल सांगितलं तर आता कळू दे. तू कुठल्याशा बक्षीससमारंभाला गेली होतीस. फुलांच्या दुकानावरच्या त्या दोन खोल्या मला आवडायच्या, खोटं कशाला बोलू. तू तिथे एका दातांच्या डॉक्टराच्या जाहिरातीपासून सुरुवात केलीस, मग बेकरी, मग चपलांचं दुकान, आणि त्यांच्या बातम्या छापून आल्या की कात्रणं मला पाठवायचीस. मी ती दुकानात लावायचे, गिऱ्हाइकांना सांगायचे, आमच्या धाकटीने केलंय. आता भिंतीवर मोठमोठ्या अक्षरांत ‘आम्ही वेगळेपण साजरं करतो’ आणि त्याखाली तऱ्हेतऱ्हेच्या माणसांचे फोटो. आणि त्या भिंतीसमोर काम करणारे तुम्ही पाचजण! एका वयाचे, एका मापाचे, सगळ्यांचे बूटसुद्धा सारखे. मी आत शिरले तर त्या पोरींनी आधी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग एकमेकींकडे. एकीने चटकन पाणी आणून दिलं. मी ग्लास घेताना तिची नजर माझ्या बोटांवर गेली आणि तिला हायसं वाटलेलं मला दिसलं, की चला, निदान काहीतरी खरं आहे.

तो फोटो दुरुस्त करणारा गृहस्थ मात्र उठून उभा राहिला. त्याला बोलताना घाम फुटला होता. म्हणाला, बारा वर्षं लोकांचे डाग काढायचं काम करतोय, घालायचं काम पहिल्यांदा आलं, मी दोनदा विचारलं हो मॅडमना. त्याने मला पडद्यावर मूळ फोटोही दाखवला. चांगला आला होता गं. हात मांडीवर, गळ्याखालचा वालाचा दाणा दिसतोय, मी हसतेय. मग एक बटण दाबलं की डाग आले, परत दाबलं की गेले. आले, गेले. मी त्याला म्हटलं, पुरे. त्याने मूळ फोटोची एक छापील प्रत काढून पाकिटात घालून दिली आणि मला जिन्यापर्यंत सोडायला आला. तुझ्या ऑफिसात लाज वाटलेला तेवढा एकच माणूस मला भेटला.

तू म्हणशील, तूच तर सही केलीस. केली. ‘आवश्यक ते बदल’ असं त्या कागदावर होतं आणि मी वाचलंही होतं. मला वाटलं, मागचा पडदा बदलतील, केस नीट करतील. मी एकवीस वर्षं बारीक अक्षरं वाचायला लोकांना मदत करते, पण बहिणीने पुढे केलेला कागद मी वकिलासारखा वाचत नाही. आणि हो का म्हटलं, तेही सांगते. तुझ्या लग्नातल्या फोटोंसाठी. सगळे ओळीने उभे होतो आणि तू फुलांचा एक भला थोरला गुच्छ माझ्या हातात आणून दिलास, म्हणालीस, ताई, जरा हा धर ना, असा, दोन्ही हातांनी. प्रत्येक फोटोत मी तो गुच्छ धरून उभी आहे. नवरी तू, आणि गुच्छ माझ्याकडे. तुझे भाऊजी इतके भोळे, की त्यांना वाटलं तू मला मान दिलास. मी त्यांना कधी सांगितलं नाही आणि तुलाही बोलले नाही. म्हणून या वर्षी तू माझ्या स्वयंपाकघरात ओट्यावर बसून म्हणालीस, ताई, खरा चेहरा हवाय, तुझ्याशिवाय कोण, तेव्हा मी हुरळले. मला वाटलं, आता हिला माझे हात लपवायचे नाहीत. स्टुडिओत जाताना मी नखंसुद्धा नीट कापून गेले होते. माझा मूर्खपणा.

आणि वर्तमानपत्रात माझ्या नावावर छापून आलेलं ते वाक्य? ‘मी आरशाशी मैत्री करायला शिकले.’ हे मी कधी म्हटलं? माझ्या दुकानात सतरा आरसे आहेत, दिवसभर मी ते पुसते. आरशाशी मैत्री करायला वेळ कोणाला आहे! मी तुला सांगितलं होतं, की शाळेत गोल करून खेळायचं असलं की मुली माझा हात धरायच्या नाहीत, माझ्या दोन्ही बाजूंना जागा राहायची, आणि तू तुझा वर्ग सोडून, दोन इयत्ता खालून धावत यायचीस आणि माझा हात धरायचीस. बाई ओरडायच्या तरी सोडायची नाहीस. एकदा तर तू दुसऱ्या बाजूच्या मुलीला चावलीसही होतीस, तिने माझा दुसरा हात धरावा म्हणून. हे मी सांगितलं होतं. हे तू छापलं नाहीस. त्यात तुला काय खटकलं? मला त्या वाक्याचा राग फलकाच्या खालोखाल आहे.

आता ठमीचं. तुला एक गोष्ट सांगितलेली नाही, कारण ठमीने मला शपथ घातली होती. ती शपथ मी आज मोडते आहे. तीन महिन्यांपूर्वी तिच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटावर एक पांढरा ठिपका आला. मग घोट्यापाशी दुसरा. मी ओळखलं. डॉक्टरांनीही तेच सांगितलं, आणि पुढे कुठे जाईल, थांबेल की नाही, हे कोणीच सांगू शकत नाही म्हणाले. पोरगी सोळा वर्षांची. दोन दिवस खोलीतून बाहेर आली नाही. मग मी तिच्यासमोर बसले, बाह्या वर केल्या आणि म्हटलं, तुझं काय होईल ते मलाही माहीत नाही, पण माझं बघ. हे एवढे आहेत, कधीचे इथेच आहेत, आणि मी कामाला जाते, लग्न केलं, तुला वाढवलं. तिने माझे हात उलटसुलट करून पाहिले. दुसऱ्या दिवसापासून पोहायला जायला लागली. आम्ही दोघी त्या तीन महिन्यांत फार छान होतो, धाकटे. तुला कळवणारच होतो. तिला स्वतः सांगायचं होतं तुला.

मग तिने फलक पाहिला. घरी आली, जेवली, आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, आई, तू रोज किती वाजता उठतेस? म्हटलं, पावणेसहाला, का गं? काही नाही म्हणाली. मी पहाटे उठून तोंडावरचे डाग झाकते असं तिच्या डोक्यात बसलंय, हे मला काय कळणार! मी आपली दुसऱ्या दिवशी नेहमीसारखी पावणेसहाला उठले, तिच्या आधी तोंड धुतलं, केस विंचरले. ती अंथरुणात जागी होती आणि माझ्या मोरीच्या दाराकडे बघत होती. शुक्रवारी मी तिला मूळ फोटो दाखवला. तिने तो नीट पाहिला आणि परत पाकिटात घातला. म्हणाली, फोटो काय, कसाही करता येतो, मावशीनेच दाखवलंय मला.

शनिवारी सकाळी मी तोंड धुऊन टॉवेल शोधत होते. ठमी समोर आली, हातात ओला रुमाल. डाव्या हाताने माझी हनुवटी धरली, लहान मुलाची धरतात तशी, आणि माझा गाल पुसायला लागली. आधी हळू, मग जोरात. मग डोळ्यांच्या कडा, ओठांचे कोपरे, कपाळ. बरोबर जिथे जिथे तू लावलेत तिथे. मी तिला थांबवलं नाही, पुसू दिलं, कातडी लाल होईपर्यंत पुसू दिलं. तिने रुमाल उलटून पाहिला. स्वच्छ होता. तो पाहिल्यावर तिचा विश्वास बसेल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, कुठलं आहे हे, आई, पाण्यानेही न जाणारं? मलाही आणून दे. म्हणून हे पत्र. फलक उतरवशील तेव्हा उतरव, क्लायंटला काय सांगायचं ते तुझ्या गोड भाषेत सांग, मला ऐकायचं नाही. तू मला माफी मागणारं पत्र लिहू नकोस, फूलबिल पाठवू नकोस. तू इथे ये. माझ्याशी बोलली नाहीस तरी चालेल. ठमीसमोर बस आणि तिला तुझ्या तोंडाने सांग, की तुझ्या आईच्या तोंडावर काहीही नाही, ते मी लावलं. माझ्यावर तिचा विश्वास उरलेला नाही. मावशी खोटं बोलत नाही असं तिला अजून वाटतं.

तुझीच,
ताई