पिंपळनेरसमोरच्या फुल्या

अक्का, तुमचा डबा अजून माझ्याकडेच आहे.

धुळ्याच्या टायपिंग क्लासात तुम्ही हजेरी घ्यायच्यात तेव्हा माझ्या तोंडून शब्द फुटायचा नाही. मी तोतरा. पोरं हसायची. तुम्ही मात्र मान वर करून माझ्या जागेकडे पाहायच्यात, मी बसलेला दिसलो की 'हजर' लिहायच्यात. उत्तर आलं नाही म्हणून तुम्ही मला एकदाही गैरहजर धरलं नाही.

पुढे क्लास बंद पडला. तुम्ही एका पतसंस्थेच्या पिंपळनेर शाखेत तात्पुरत्या ऑपरेटर झालात आणि मी तिच्याच धुळ्याच्या मुख्य कार्यालयात नेटवर्क सांभाळायला लागलो. रोज सकाळी प्रत्येक शाखेच्या कॉम्प्युटरला इथून पिंग करायचं, म्हणजे नुसती हाक मारायची. ओ आली तर टिक, नाही तर फुली. एका महिन्यात पिंपळनेरसमोर ओळीने फुल्याच पडत गेल्या. तुम्ही फोनवर आपल्या अहिराणीत म्हणालात, "मशीन चालूच शे रे भाऊ. बठ्ठं काम त्यानावरच चाली राहिनं. तू येईसन देखी जाय ना." एसटीने दोन तासांचा रस्ता, पण मी गेलो नाही. तुमच्या नोंदी रोज इकडे येत होत्या, त्याही उघडून पाहिल्या नाहीत. फुल्यांचा कागद साहेबांकडे दिला. मशीन बंद ठेवल्याबद्दल तुम्हाला मेमो गेला आणि कायम करायच्या यादीतून तुमचं नाव उडालं.

नंतर कळलं, त्या मशीनची सुरक्षा कडक करताना 'बाहेरच्या हाकेला उत्तर देऊ नको' अशी खूण तिच्या सेटिंगमध्ये मीच करून ठेवली होती. गुपचूप काढली. दुसऱ्या दिवशी टिक. साहेब म्हणाले, "पाहिलं? मेमो गेला की मशीन बरोबर चालू होतं." मी हसलो. चोर तो चोर, वर शिरजोर म्हणतात तसा हसलो, अक्का. आज आठवलं तरी तोंड लपवावंसं वाटतं.

आठवड्याने शाखेचा शिपाई डबा घेऊन आला. भरीत आणि कळण्याची भाकरी. "अक्का म्हने, मन्हा पोऱ्यानी मशीन सुधारी दिन्हं." मी बोटं चाटून खाल्लं. डबा रिकामा परत करू नये म्हणतात, आणि त्यात काय घालून पाठवावं ते मला सुचेना. तुम्ही कायम न होताच नोकरी सोडून गेलात, त्यालाही आता कितीतरी वर्षं झाली.

साहेबांच्या खुर्चीत आज मीच बसतो. परवा जुन्या फायलींत तुमची सापडली. मेमोखाली 'चूक माझी होती' एवढंच लिहायचं होतं. पेन उघडलं, तेवढ्यात कोणीतरी आत आलं म्हणून फाईल मिटली.

खरं सांगू? आत कोणीही आलं नव्हतं.