करवतवाला

बाबा,

हे पत्र मी चौथ्यांदा लिहितेय. पेटीत टाकवत नाही.

त्या शनिवारी तुम्ही बँडबरोबर आमच्या हॉटेलात आलात. ड्रम आणि अकॉर्डियन सुरू झाले, तुम्ही ताल धरायला करवत मांडीवर वाकवून स्क्रू-ड्रायव्हरने खरवडू लागलात आणि पाहुणे नाचायला उठले. मॅनेजरबाईंनी मला विचारलं, "हा करवतवाला तुझ्या ओळखीचा का गं?"

तुमच्या झिजलेल्या चपलांकडे पाहत मी म्हणाले, "नाही. कॅट आयलंडचा कुणी सुतार असेल."

तुम्ही ते ऐकलंत.

"सुतारच आहे मी, बाई," तुम्ही हसून म्हणालात. "एखादं टेबल डुगडुगत असलं तर सांगा."

बाईंनी नाव विचारलं, तेव्हा तुम्ही नुसतं 'हेझरॉन' सांगितलंत. आडनाव माझ्या छातीवरच्या नावाच्या पट्टीवर होतं.

तुमचीच मुलगी,
वर्निस स्टब्स