अण्णांनी न प्यालेलं पाणी

वाडी, चाकूरजवळ
२० एप्रिल १९८६

चि. गुणास बाबाचा आशीर्वाद.

मी बरा आहे. म्हैस मुदखेडला तुझ्या मावशीकडे पाठवली, तिथं अजून चारा आहे. रामकिशनरावांना नव्या जिल्ह्याच्या कचेरीत कायम केलं का? केलं असेल तर देव पावला. नसेल, तर पुढचं बसून वाच.

काल आमदार सिद्रामप्पा अण्णा आपल्या घरी जेवायला आले. ‘बाबा, तोंड आवरा’ असा तुझा निरोप होता. मी आवरणारच होतो.

अण्णा खाली घोंगडीवर बसले. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “व्यंकटीमामा, गुणा बरी हाय न्हवं? जावई आपलाच माणूस हाय!” त्या हाताला ऊब आहे, खोटं कशाला सांगू. मीही विरघळलो. मग आठवलं, तुझ्या आईच्या दहाव्याला हाच हात होता. आपला टँकर आला नाही म्हणून केवळा विहिरीच्या तळाशी उतरली आणि दरड अंगावर आली. अण्णा ढसाढसा रडून गेले. त्याच संध्याकाळी आपला टँकर त्यांच्या द्राक्षबागेकडे वळताना मी या डोळ्यांनी पाहिला.

पाहुण्याला आधी पाणी. मी त्याच विहिरीचं दिलं, गढूळ. त्यांचा माणूस संगप्पा धावला, “थांबा, जीपमधलं आणतो!”

“कशाला? आमी हेच पिऊन राहिलो.”

अण्णा हसले. पेला कपाळाला लावून म्हणाले, “ही तर माझ्या मायबापाची गंगा!” दारात जमलेल्या वाडीकरांच्या टाळ्या पडल्या. शेजारच्या धुरपताबाईनं डोळ्यांना पदर लावला.

मी हात जोडले. “अण्णा, कपाळाला तहान लागत न्हाई. प्या.”

अण्णांनी घड्याळ पाहिलं. “मामा, सभेला उशीर होतोय.”

“घोटभर पिऊन जा. केवळा ह्याच्यापायीच गेली.”

ते उठले. पाणी न पिता, न जेवता. त्यांच्याच संगप्पानं पेल्यात वाकून पाहिलं. “थेंबबी कमी न्हाई की!” धुरपताबाई फस्सकन हसली, मग सगळेच. गुणा, ते हसू अण्णांच्या पाठीवर पडताना मला काय गार वाटलं!

जीपमध्ये बसताना मात्र ते गोड आवाजात म्हणाले, “जावयाकडं बघतो, मामा.” त्यांच्या एका शब्दानं ती नोकरी जाईल. रामकिशनरावांना म्हणावं, सासऱ्याशी संबंध तोडला असं कचेरीत सांगा. खरंच तोडला तरी चालेल. पण माफी मागायला मला पाठवू नका. अण्णा पुन्हा आले, तर पुन्हा तेच पाणी देईन.

केवळाचा नवरा,
आणि तुला अजून हवा असेल तर तुझा बाप,
व्यंकटी