फोनची वारंटी गेली, त्याची हकिकत

रिसाली, भिलाई
९ डिसेंबर

चि. पीयूष,

अनेक आशीर्वाद. मी ठीक आहे. थंडी बरी पडली आहे. अंगणातल्या वालाच्या शेंगा एकट्याला संपत नाहीत, म्हणून अर्ध्या शेजारच्या बेबीताईंना देतो. त्या मला भाजी करून पाठवतात, तीही वालाचीच.

आता फोनचं. त्याचा माइक गेला आहे. तुझं बोलणं मला नीट ऐकू येतं, माझं तुला काहीच जात नाही. वर्ष झालं नव्हतं, म्हणून मी ऐटीत पावती घेऊन सर्व्हिस सेंटरला गेलो. काउंटरवरच्या मुलीने फोन कॉम्प्युटरला लावला आणि म्हणाली, "अंकल, इसमें कंपनी का सॉफ्टवेयर ही नहीं है. किसी ने लॉक खोला है. वारंटी खत्म."

माइकचा आणि सॉफ्टवेअरचा काय संबंध, म्हणून मी भांडलो. कंपनीचं परत टाका म्हटलं. ती म्हणाली, टाकलं तरी लॉक उघडल्याची खूण आत राहते आणि कंपनी तेवढीच बघते.

"किसने किया?"

"मैंने," मी म्हणालो. तिने माझ्या कानटोपीकडे पाहिलं आणि पावती परत केली.

तू मनाला लावून घेऊ नकोस. दिवाळीत फोनचं सॉफ्टवेअर बदलून, जाहिराती काढून, अक्षरं मोठी करून देताना तू वारंटीचं बजावलं होतंस. "जाऊ दे रे वारंटी, मले काय करायची," असं मीच म्हणालो होतो.

हे सगळं लांबवतो आहे, कारण मुद्द्याचं लिहायला धीर होत नाही.

मागच्या रविवारी तुझा फोन आला, तेव्हाच माइक गेल्याचं मला कळलं. हॅलो, हॅलो करून तू थांबलास. मग म्हणालास, "बाबा, तुमाले कोणी सांगितलं वाटते. माही नोकरी गेली, दोन महिने झाले. रागावून राहिले का? बोला ना काही." तू रडत होतास आणि मी ओरडत होतो. बेबीताई कुंपणापर्यंत धावत आल्या, इतका. तुझ्यापर्यंत एक अक्षर पोहोचलं नाही. तू फोन ठेवलास, आणि त्यानंतर केला नाहीस.

बेबीताईंनी आपला फोन दोनदा आणून दिला. मी नको म्हणालो. तुझा आवाज ऐकला की माझ्या तोंडून आधी "मी सांगितलं होतं" हेच निघतं. तुझी आई होती तोवर ती मध्ये पडायची. आता मध्ये कोणी नाही. घरात दिवसभर माझाच आवाज, तोही टीव्हीशी भांडतानाचा.

त्या दिवशी मात्र ते निघालं नाही. जे निघालं ते बेबीताईंनी ऐकलं, तू नाही. म्हणून जसंच्या तसं लिहितो:

"पोरा, रडू नको. मी रागावलो नाही. सामान बांध अन् घरी ये. मले इथं करमत नाही रे."

तुझ्यावर न रागावलेला,
बाबा