‘पुट ऑफ’ला तारीख लागते

८ जाने. ८१
नववी ब ला आज ‘पुट ऑफ’ शिकवलं. पुढे ढकलणे. पोरींना बजावलं, पुट ऑफ केलेली गोष्ट होणार असते. होणारच नसेल तर कॉल ऑफ. गल्लत करायची नाही.
घरी आले तर निफाडहून विलासचे मामा आलेले. पंचवीसचं आमचं लग्न पुढे ढकलू म्हणे. कारण? पौष!

९ जाने.
झोप नाही. आपण बौद्ध. आजोबांनी देव गोदावरीत सोडले, तेव्हाच पंचांगही गेलं. विलासकडेही तेच. रविवार बघून तारीख त्यांनीच दिलेली. मग हा पौष कुठून उगवला? दादांना म्हटलं, पाणी कुठंतरी मुरतंय. म्हणाले, "मुलीच्या बापानं जास्त विचारू नये." का नये?

१७ जाने.
विलास शाळेच्या फाटकाशी. (मनात अरे-तुरे, तोंडावर अहो-जाहो.) "फक्त पुट ऑफ केलंय गं!"
"तुमच्यात पौष कोण पाळतं?"
"आई."
"कधीपासून?"
चपलेनं माती उकरत राहिला.

७ फेब्रु.
पौष संपला. आता द्राक्षं! मामांचा निरोप, काढणी होऊ द्या. सुमनमावशी म्हणते, "नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं." वर हसली मेली. म्हणे देवळ्याला एक नर्स आहे, तिला बघून आलेत. खरं, की मावशीचा मसाला? विलास मला आवडतो. म्हणूनच तर एवढा संताप...

१२ फेब्रु.
वह्या तपासल्या. एकीचं वाक्य : वडिलांनी ताईची शाळा पुट ऑफ केली. विचारलं, कधीपर्यंत? "ते नाय सांगितलं, बाई." बरोबरची खूण करवेना.

२२ फेब्रु.
विलास घरी. दादांसमोरच म्हटलं, "तारीख सांगा."
"मार्चमध्ये बघू..."
"तारीख."
"तूच सांग मग."
"येता रविवार. विहार रिकामा आहे, काल विचारून आले."
दादांना ठसका. विलास हसला, मग माझ्याकडे बघेना.
"देवळ्याला गेला होतात?"
"आईनं नेलं. मला नव्हतं जायचं."
"पण गेलात."
उठला. दारातून म्हणाला, "रविवारी येतो. येतोच."
आई विचारतेय, लग्नाची पांढरी साडी काढून ठेवू का? काढ म्हटलं.