कपितानची घंटा

५ जुलैच्या पानाखाली, ८ जुलै, मंगळवार

शनिवारी लिहिलं ते चूक आहे. लिहिलं होतं — खिंडीतल्या राशीवर तातांनी दगड ठेवला. ठेवला नाही. उचलला! कळपातल्या एका लामाच्या पाठीवरच्या मिठाच्या गोण्या कलत होत्या. तोल साधायला तातांनी खाली हात घातला आणि राशीतलाच दगड हलक्या गोणीत टाकला. खिंडीत पोचलेला प्रत्येक जण आपला थकवा दगडाबरोबर तिथे ठेवून पुढे जातो. तो दगड कुणी उचलत नाही. हे मला तातांनीच शिकवलं, मी चालायला लागले तेव्हा. मी पाहिलं, गप्प बसले, आणि इथे खोटं लिहिलं.

शाळा नंतर आली. आधी ताता मिठाच्या लादीवर खिळ्याने अक्षरं काढून द्यायचे. लादीवरचं खोडता येत नाही. "चुकलीस तर खाली बरोबर लिही, सेनोबिया." म्हणून हे.

९ जुलै, बुधवार

दगड अजून गोणीत आहे. परक्यांचा थकवा बाधतो वगैरे मी मानत नाही. तरी सारखी त्या गोणीकडे बघते.

खरी भीती वेगळीच. त्यांना रास दिसली नाही. माणसाच्या उंचीची रास!

१० जुलै, गुरुवार

आज वाईट वागले. वाळवलेल्या बटाट्यांच्या रश्श्याची वाटी त्यांच्यापुढे धरली आणि काहीच बोलले नाही. ताता नुसते बसून राहिले. मग म्हणाले, "काय गं, उपाशी मारतेस का म्हाताऱ्या बापाला?" वाटी नाकापासून वीतभर होती.

तीस वर्षं उन्हात पांढरं मीठ फोडलं. डोळे त्यातच गेले असणार.

मग चालतात कसे? दिवसभर पाहिलं. कपितान — कळपाच्या पुढे चालणारा आमचा नर लामा — त्याच्या गळ्यातल्या घंटेमागून चालतात. ती थांबली की थांबतात.

१२ जुलै, शनिवार

खोऱ्यात उतरलो. इथली शेतकरीण दोन्या एउसेबिया वीस वर्षं आमचं मीठ घेऊन मका देते. यंदा दारातच उभी.

"दुकानात पुड्या मिळतात आता, सातुर्निनो. तुझ्या लाद्या घेऊन काय करू? तुलाच खारवून वाळत घालू?"

"घाल की. पण मांस फार निघायचं नाही."

दोघंही हसले. नंतर तिने थोडा मका दिला. मीठ घेतलं नाही. दिलेलं ताता नाकारतील असं वाटलं होतं. नाकारलं नाही. तेच जास्त लागलं.

१४ जुलै, सोमवार

कपितान पाटात घसरला. पुढचा पाय मोडला.

पुढच्या नराचं मांस आपण खात नाही. खोऱ्यातले खातात. एउसेबियाचे मुलगे त्याला घेऊन गेले. तातांनी आधी घंटा सोडली, लोकरीत गुंडाळली — वाजू नये म्हणून.

"परतीला पुढे मी," म्हणाले. "तू मागून हाक."

"ट्रकने जा ना, ताता. मी कळप आणते."

"मी काय बटाट्याचं पोतं आहे? वाट माझ्या पायांना पाठ आहे."

कड्यावरची वाट एका लामापुरती आहे. खाली नदी. तिचा आवाजही वर येत नाही.

डोळ्यांबद्दल बोलले तर ते पुन्हा कधी निघणार नाहीत. घरी भिंतीला टेकून बसतील, बस्स. नाही बोलले तर कड्यावरून जातील. दोन्हींत मीच कारण. दुपारभर मका निवडत बसले. तिसरी वाट सापडली नाही.

१५ जुलै, मंगळवार

ताता एउसेबियाकडे गेलेत. तिथून हसणं ऐकू येतंय. मी त्यांच्या गाठोड्यातून घंटा काढून घेतली. चोरीच ही. लिहून ठेवते. गोणीतला दगडही काढला. तो खिंडीपर्यंत माझ्या पाठीवर येईल.

घंटा कमरेला बांधणार आणि तातांच्या पुढे चालणार. एक शब्द बोलणार नाही. पण ती पहिल्यांदा वाजेल तेव्हाच त्यांना कळेल, की मला कळलंय.

परवा निघायचं. गुरुवार, १७ जुलै, उजाडताना.