शेवट पटत नाही

जबलपूर, १४ सप्टेंबर २०२५

प्रिय दीपाताई,

नमस्कार. फोन सोडून पत्र कशाला, म्हणून दचकू नकोस. आमच्याकडे फोनवरचं बोलणं मागच्या अंगणापर्यंत ऐकू जातं. तुझा स्वप्निल रात्रीच्या गाडीने नागपूरला निघतोय, त्याच्याच हाती देते.

‘रेवाकाठ’च्या दिवाळी अंकाचं काम जोरात आहे. आम्ही सगळे बिनपगारी, फुल अधिकारी. दर रविवारी आमच्या बैठकीच्या खोलीत वाचन, आणि चहा तुमच्या मुरलीधररावांचा. फॅक्टरीतून रिटायर झाल्यापासून चहा, पाकिटं, पोस्ट सगळं ह्यांच्याकडे. अंक मात्र उघडून बघत नाहीत, असं मी चारचौघांत हसून सांगायची.

आमचा नियम तुला माहीत आहे. आलेलं साहित्य एकट्या शकूकडे जातं. ती ते टाईप करते, नाव काढून टाकते, मग मी मोठ्याने वाचते. वशिला नको म्हणून हा नियम मीच केला.

गेल्या महिन्यात एक कथा आली. एका माणसाच्या पोटात गाठ निघते. बायकोला सांगायचं असतं, पण घरात सदा माणसं, ती मोकळी सापडतच नाही. तो तिच्याच कामाचं निमित्त काढून परगावी जातो, तपासण्या करून येतो आणि गप्प राहतो. कथा संपली.

सुशांत म्हणाला, “बायको आंधळी आहे काय? काहून नाही समजत तिला?”

सगळे हसलो. मी तर म्हटलं, असली बाई मला एकदा दाखवाच. हे ट्रे घेऊन दारात उभे होते. म्हणाले, “साखर बरोबर आहे ना?”

शेरा मीच लिहिला. ‘शेवट पटत नाही. बायकोला कळायला हवं. सुधारून पाठवा.’

आज बैठकीआधी शकूने मला स्वयंपाकघरात ओढलं. “प्रतिमा दीदी, मी नियम तोडून राहिली,” म्हणाली आणि रडायलाच लागली. कथा सुधारून आली होती. कोणाची, ते तिने सांगितलं.

ताई, पँट ढिली होते म्हणून ह्यांना नवा पट्टा मीच आणून दिला होता. वर म्हटलं, बरं झालं, पोट उतरलं! आणि हे मुखपृष्ठाचा कागद बघायला म्हणून दोनदा नागपूरला आले, तुझ्याकडेच उतरले. तुला काही बोलले होते का? बोलले असले तरी मी रागावणार नाही. मागची खोली रिकामी करून ठेव. आता आम्ही दोघं येऊ.

मंडळींना मी दारातूनच परत पाठवलं. अंक निघेल तेव्हा निघेल.

सुधारलेल्या कथेत बायकोला कळतं. ती काही विचारत नाही. दाराला आतून कडी घालते आणि त्याच्यासाठी चहा टाकते. बस, एवढंच लिहिलंय ह्यांनी.

हे मागच्या अंगणात पाकिटांवर पत्ते चिकटवत बसलेत. स्वप्निल पत्र घेऊन गेला की मी कडी घालणार आहे. आधण ठेवलंय. पण ह्यांना साखर किती लागते, तेच मला माहीत नाही गं.

ज्या बाईला आम्ही हसलो, तीच,
तुझी प्रतिमा